पत्र्याची मागली बाजू

आधी त्या ताईंचं सांगतो, बाकीचं मग.

कर्जतच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्या बोर्डावर बसायच्या. फोन उचलला की ‘नंबर प्लीज’ म्हणणारा जो आवाज यायचा, तो दुपारच्या पाळीला त्यांचा असायचा. माझी त्यांची ओळख त्या आवाजापुरतीच. त्यांचं नाव पुढं मला कळलं, पण इथं लिहिणार नाही, कारण त्या दुपारी त्यांनी माझ्यासाठी जे केलं ते त्यांच्या खात्याच्या नियमात बसणारं नव्हतं. आज लोक मला मिस्त्री म्हणतात, माझ्या हाताखाली माणसं आहेत, ह्या मुलखात माझं घर आहे. ह्यात त्या बाईंचा वाटा आहे आणि तो त्यांना ठाऊक नाही. म्हणून आधी त्यांचं.

आता काय झालं ते.

मी नांदेडकडचा. सातवी झाली आणि पुढची शाळा तालुक्याला, म्हणून माझी शाळा तिथंच संपली. चुलतभाऊ रेल्वेच्या रुळांच्या कामावर घाटात होता, त्याच्या मागोमाग मी कर्जतला आलो. काही महिन्यांनी त्याची गँग पुढं गेली आणि मी मागं राहिलो. भिसेगावच्या पुढं, भाताच्या खाचरांच्या कडेला एक पत्र्याची शेड होती. तिथं कारखान्यांना लागणारी विजेची पॅनलं बनायची. तिथं मला काम मिळालं, झोपायला त्याच शेडच्या कोपऱ्यात जागा मिळाली. घरून निघताना आईला सांगून आलो होतो की कायम झालो की तुला घेऊन जाईन. त्यामुळं रिकाम्या हातानं परत जायला तोंड नव्हतं. ही भीती मी सकाळी उठल्यापासून बरोबर घेऊन हिंडायचो. शेठ नुसते माझ्याकडं बघून खाकरले तरी मला वाटायचं, आता सांगतात.

त्या साली तर त्यांनी खरंच सांगून ठेवलं होतं. पावसाळा संपला की एकच मदतनीस ठेवणार. नेरळचा एक जण होता, आयटीआय केलेला, त्याच्या वडिलांनी शब्द टाकला होता. ‘हे खोपोलीचं डेस्क नीट गेलं तर तू राहशील,’ शेठ म्हणाले होते. नाही गेलं तर काय ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

डेस्क म्हणजे काय ते सांगायला हवं. शाळेत मास्तरांचं टेबल असतं तसं, पण सगळं लोखंडी आणि वरचा पत्रा बसणाऱ्याकडं उतरता. त्या पत्र्यात मीटर, दिवे, बटणं बसवायची. कारखान्यातला माणूस पुढं खुर्ची टाकून बसणार आणि अख्खं यंत्र तिथून चालवणार. लोकांना वाटतं, भोकं पाडायची आणि मीटर आत सरकवायचे, त्यात काय एवढं. पण पत्रा असतो तेवढाच असतो. ताटलीएवढा मीटर असतो, वाटीएवढा असतो. पुढून दिसतो त्याहून मागं त्याचं पोट मोठं असतं, तारांना वळायला जागा लागते. एक मीटर बोटभर सरकवला की शेजारचा सरकतो, त्याच्या शेजारचा सरकतो, आणि शेवटचं बटण बिचारं काठावरून खाली पडायला येतं. शिवाय बसलेल्या माणसाचा हात पोचला पाहिजे. आणि एकदा पत्र्याला भोक पडलं की ते बुजत नाही.

हे मला आमच्या मिस्त्रींनी शिकवलं. ते पळसदरीच्या पलीकडल्या गावचे, घरची भातशेती. बिस्किटांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून ते सगळ्या मीटरांचे खरे तेवढे तुकडे करायचे आणि पत्र्यावर मांडून सरकवत बसायचे, विडी विझेपर्यंत. ‘मीटर म्हंजे पंगतीला बसलेली मानसं हायत रं,’ म्हणायचे. ‘मोठ्याला ऐसपैस बसवलंस तर बारक्याचं ताट कुठं मांडशील त्ये आधी बघ.’ माझ्या बोलण्याची त्यांना गंमत वाटायची. मी ‘करायलोय’ म्हटलं की ते शेडभर ऐकू जाईल असं ‘काय करायलास रं’ म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. पण डबा उघडला की अर्धी भाकरी माझ्याकडं सरकवायचे, आणि ती सरकवताना माझ्याकडं बघायचे नाहीत.

त्या शेडची एक रीत होती, ती नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आमच्याकडं पावसाळ्यात रंग वाळत नाही. चार दिवस झाले तरी बोट लावलं की बोटाला येतो. म्हणून पावसाळ्यातल्या कामांचे पत्रे शेठ उन्हाळ्यातच वाकवून, रंगवून, भट्टीत भाजून आणून ठेवायचे. उन्हाळ्यातल्या कामांना आम्ही कोऱ्या पत्र्यावर पुढून आखायचो, कापायचो आणि मग रंग. पावसाळ्यात उलटं. रंग आधीच झालेला. पुढून आखलं तर रंगावर ओरखडा उठणार. म्हणून मिस्त्री पत्रा रंगाची बाजू खाली करून गोणपाटावर पालथा घालायचे आणि मागून आखायचे.

आणि पावसाळ्यात ते आणखी एक गोष्ट करायचे. आमच्या मुंबईच्या ऑफिसातून आलेल्या नकाशाच्या कागदाला गोडं तेल चोळायचे. कागद काचेसारखा व्हायचा. मग तो पत्र्यावर चिकटवून त्यातूनच टोकदार पंचानं खुणा मारायच्या. मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, शेड गळते, कागदावर पाणी पडतं, म्हणून तेल. छत्रीच्या कापडाला मेण लावतात तसं काहीतरी.

आषाढ सुरू झाला की शेड रिकामी व्हायची. लावणी. एकजण दुसऱ्याच्या खाचरात, दुसरा तिसऱ्याच्या. ज्याच्या घरची पाळी असेल त्याच्याकडं सगळे. पाळी चुकवली की पुढच्या वर्षी आपल्या चिखलात कुणी उतरत नाही. सुतार, वेल्डर, रंगवाला, सगळे शेतकरीच. एकटा मी असा की ज्याचं तिथं वीतभरही रान नव्हतं. म्हणून लावणीच्या दिवसांत शेडची किल्ली माझ्याकडं असायची.

त्या साली मिस्त्रींनी खोपोलीच्या डेस्कचा पत्रा आखून दिला आणि संध्याकाळीच निघाले. नकाशा तेलानं आणि पंचाच्या घावांनी चिंध्या झाला होता, त्याची सुरळी करून त्यांनी हात पुसले आणि फेकून दिला. ‘रेघा हायत, रेघांवर काप. घाई करू नको,’ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी ड्रिलला धार लावत होतो तेव्हा कुंपणापलीकडून वखारवाल्या काकांनी हाक मारली. त्या भागात फोन फक्त त्यांच्या लाकडाच्या वखारीत. ‘ए पॅनलवाल्या, तुझ्या शेठचा फोन होता. मी लाकूड विकू का तुझे निरोप पोचवू, एकदा ठरवून सांग.’

निरोप असा होता. एका टोकाचे मोठे मीटर मिळाले नाहीत, लहान आले. कारखान्यानं एक मीटर वाढवून मागितला. तेव्हा जागा नव्यानं मांडायला हवी. मी ऑफिसात नकाशा काढणाऱ्या साहेबांना फोन करायचा, नवी मापं घ्यायची आणि आजच्या आज पत्रा कापून ठेवायचा. उद्या सकाळी शेठ मीटर घेऊन टेंपोनं येणार, इथं बसवणार आणि तोच टेंपो पुढं खोपोलीला. दुसरा रंगवलेला पत्रा शेडमध्ये नव्हता, हे शेठना माहीत होतं आणि मलाही.

मिस्त्रींना बोलवावं असं पहिल्यांदा मनात आलं. खोपोलीची गाडी निघून गेली होती. चालत गेलो असतो तरी त्यांच्या गावाआधीचा ओढा त्या दिवसांत माणूस घेत होता. मी वखारीत गेलो.

मी त्याआधी कधी फोनवर बोललो नव्हतो. काकांनी चोंगा हातात दिला आणि गादीवर मागं सरकून माझी मजा बघत बसले. पलीकडून ‘नंबर प्लीज’ आलं आणि मला नंबर सोडून बाकी सगळं आठवलं. मी शेडबद्दल सांगू लागलो, डेस्कबद्दल सांगू लागलो. त्यांनी मला बोलू दिलं. मग म्हणाल्या, ‘दादा, घाबरू नका. तुम्ही नंबर सांगा, पुढचं माझं काम.’

मुंबई लागायला किती वेळ गेला सांगता येत नाही. काकांकडं दोन गिऱ्हाइकं येऊन सागाचे वासे बघून गेली. मग घंटा वाजली. साहेबांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा. त्यांना घाई होती, नकाशा त्यांच्यापुढं होता, ते भराभर सांगत गेले. डावीकडच्या कडेपासून इतके मिलीमीटर, वरून इतके. पुढचा. त्याच्या पुढचा. मी काकांची लाल पेन्सिल घेऊन एका फळीच्या तुकड्यावर लिहीत होतो. वाढीव मीटरचं माप लिहिलं आणि फोनमध्ये कुणीतरी मूठभर वाळू फेकल्यासारखा आवाज झाला. मग काहीच नाही.

‘झालं?’ काकांनी विचारलं.

मी झालं म्हणालो. मापं तर सगळी आली होती.

शेडमध्ये येऊन मी मिस्त्रींच्या एका टोकाच्या रेघांवर खडू फासला आणि डावीकडून नवी मापं टाकायला घेतली. मांडणी अशी होती की दोन्ही टोकांना मीटर आणि मध्ये दिवे व बटणं. वरवर पाहता डावं-उजवं सारखंच, फक्त दिव्यांची रांग एका बाजूला थोडी सरकलेली. पहिला चौकोन बसला. दुसरा बसला. वाढीव मीटरचा चौकोन काढला तर तो सरळ मिस्त्रींच्या दोन दिव्यांवर जाऊन बसला.

मी पुन्हा मोजलं. फळी खिडकीपाशी नेऊन आकडा वाचला. पुन्हा मोजलं. चौकोन तिथंच.

तेव्हा माझ्या मनात काय चाललं होतं ते आज सांगायला सोपं आहे, तेव्हा मला ते कळत नव्हतं. साहेब शिकलेले, नकाशा त्यांच्यापुढं. ते चुकणार नाहीत. मिस्त्री तर कधीच चुकत नाहीत. म्हणजे चुकलो तर मीच. आणि त्या मोठ्या साहेबांना पुन्हा फोन करून सांगायचं की मला तुमची मापं जमली नाहीत? ते शेठना सांगणार. शेठ नेरळच्या माणसाला सांगणार. पुठ्ठ्याचे तुकडे घेऊन मी मांडत बसलो. दोन दिवे थोडे खाली घेतले तर बसतंय. दिसायला वाईट दिसेल, पण बसतंय. साहेबांनी दिव्यांचं सांगायचं राहून गेलं असेल, फोन तुटला ना. असं मी मला समजावत गेलो. माणूस घाबरला की स्वतःला किती नीट समजावतो, ते मी त्या दिवशी पाहिलं.

दिव्यांच्या नव्या खुणा केल्या. पंच मारला. हातड्रिलचं टोक पहिल्या खुणेवर टेकवलं आणि मूठ धरली.

‘ए पॅनलवाल्या.’

काका कुंपणाशी उभे, डोक्यावर गोणपाट. चिडलेले. एक्स्चेंजच्या बाई विचारतायत, म्हणाले, मघाचं तुझं बोलणं पूर्ण झालं होतं का, का मधेच तुटलं? नेरळच्या बाजूला झाड पडून तार गेली होती, आता जोडलीय. तुटलं असेल तर त्या पुन्हा लावून देतात.

मी त्यांना विचारलं नव्हतं. त्यांना काय पडलं होतं? दिवसभरात किती जणांची बोलणी तुटत असतील. मी ड्रिल खाली ठेवलं. हात पुसायलाही थांबलो नाही.

‘तुटलं होतं,’ मी फोनवर सांगितलं. खोटं नव्हतं, आणि खरं बोलायला मला कुणीतरी विचारायला लागत होतं.

दुसऱ्यांदा लाइन लागली ती नावापुरती. साहेब ‘हॅलो हॅलो’ करत होते, मी ओरडत होतो, त्यांना माझं काही पोचत नव्हतं, मला त्यांचा नुसता भुंग्यासारखा आवाज. मी चोंगा ठेवायच्या बेतात होतो. तेवढ्यात मध्येच ताईंचा आवाज आला, अगदी शेजारी बसल्यासारखा स्वच्छ. ‘दादा, मला दोघांचंही ऐकू येतंय. तुम्ही मला सांगा, मी त्यांना सांगते.’

मी सांगितलं. वाढीव मीटर दिव्यांवर येतोय. त्यांनी तसंच पुढं सांगितलं. भुंगा गुणगुणला.

‘ते म्हणतात, तिथं दिवे नाहीतच. दिवे उजव्या अंगाला सरकलेत.’

‘नाही ताई. डाव्या अंगाला सरकलेत. मी आत्ता बघून आलोय.’

पुन्हा भुंगा, ह्या वेळी मोठ्यानं. ‘ते म्हणतात, नकाशा त्यांच्यापुढं आहे.’

‘पत्रा माझ्यापुढं हाय,’ मी म्हणालो. आवाज माझाच होता, पण मी साहेबांना उलट बोललो होतो. काका गादीवर ताठ बसले.

मला वाटलं, संपलं. मग त्या म्हणाल्या, ‘दादा, एक विचारू? तुम्ही पत्र्याच्या पुढून बघताय का मागून?’

मी हातातल्या फळीकडं पाहिलं.

त्या सावकाश सांगू लागल्या. त्यांच्या बोर्डाच्या पुढं त्या बसतात आणि काही बिघडलं की लाइनमन बोर्डाच्या मागं शिरतो. त्या म्हणतात डावीकडची तिसरी, आणि तो त्याच्या डावीकडची तिसरी उपटतो, आणि भलत्याच माणसाचं बोलणं तुटतं. रोजचं भांडण. शेवटी दोघांनी ठरवलं की डावं-उजवं म्हणायचंच नाही. खिडकीची बाजू आणि दाराची बाजू म्हणायचं. ‘तुमच्या त्या पत्र्याला असं काही आहे का, जे त्या साहेबांच्या कागदावरही असेल?’

माझ्या डोळ्यांपुढं गोणपाटावर पालथा पडलेला पत्रा आला. रंग खाली. मी मागं उभा. आणि तेल लावलेला कागद, काचेसारखा, शाईची बाजू पत्र्याकडं. तेल पावसासाठी नाही. कधीच नव्हतं. मिस्त्री कागद पालथा घालून मागून वाचत होते.

‘कुलूप हाय,’ मी म्हणालो. ‘एका टोकाला कुलपाचं भोक हाय, आधीच पाडलेलं.’

‘मग कुलपाकडून सांगायचं,’ त्या म्हणाल्या, आणि साहेबांना म्हणाल्या, आता डावं-उजवं बंद, कुलपाच्या टोकापासून मापं सांगा. भुंगा एकदम गप्प झाला. मग हळू आवाजात काहीतरी बोलला. ‘ते विचारतायत,’ ताई म्हणाल्या, ‘तुम्ही कापलं तर नाही ना?’

‘नाही. तुमचा फोन आला.’

हे त्यांनी पुढं सांगितलं की नाही मला माहीत नाही. त्यांनी मापं घ्यायला सुरुवात केली. साहेबांकडून एक माप घ्यायचं, मला सांगायचं, मी परत म्हणायचं, ते त्यांनी साहेबांना परत म्हणायचं. पत्र्याला किती भोकं आहेत हे मला तोवर जाणवलं नव्हतं. दिवेही पुन्हा घेतले, बटणंही. मधेच तिसऱ्याच एका बाईंचा आवाज आला, कल्याणचा असावा, की कर्जत, वेळ संपला. ‘चालू राहू दे गं, माणूस कामात आहे,’ आमच्या ताई म्हणाल्या. थोड्या वेळानं तोच आवाज पुन्हा, जरा तुटक. अर्जंट कॉल खोळंबलाय. ‘लाइन तपासतेय म्हणून सांग,’ ताई म्हणाल्या, आणि मला, ‘हं दादा, पुढचं.’ त्यांच्या मागं एक पुरुषी आवाज विचारत होता की एवढा वेळ कोण आहे लाइनीवर. त्यांनी त्याला उत्तर दिलं नाही. त्या फक्त थोडं जास्त भराभर बोलू लागल्या, आणि मी थोडं जास्त भराभर लिहू लागलो.

शेवटचं माप झाल्यावर मी विचारलं, ताई, तुमचा बोर्ड मोठा आहे का. का विचारलं कुणास ठाऊक. मला फोन ठेववत नव्हता. त्या हसल्या. मोठा नाही, म्हणाल्या, पण वरच्या रांगेला माझा हात पोचत नाही, दर वेळी अर्धं उठावं लागतं, संध्याकाळी खांदा भरून येतो. ज्यानं कुणी मांडला तो उंच असणार. आणि मग आवाज एकदम सरकारी झाला, ‘कॉल पूर्ण,’ आणि खट्.

काकांनी माझ्यापुढं चहा सरकवला. ‘लाकूड आज काय विकलं गेलं नाही,’ म्हणाले, पण चिडून नाही.

शेडमध्ये जाऊन मी आधी पत्र्यावरच्या माझ्या सगळ्या खुणा खरवडल्या. पंचाचे दोन टोचे मात्र राहिले. मग कुलपाच्या टोकाला ‘कुलूप’ असं खडूनं मोठं लिहिलं आणि तिथून मोजायला लागलो. वाढीव मीटरचा चौकोन काढला. तो दिव्यांच्या आणि काठाच्या मधोमध बसला, दोन्हीकडं बोट जाईल एवढी जागा ठेवून. जसा आधीपासून तिथंच असावा. तरीही मी लगेच कापलं नाही. पुठ्ठे मांडले, बाजूला होऊन पाहिलं. ह्या वेळी स्वतःला समजावलं नाही, नुसतं पाहिलं. मग ड्रिल घेतलं. चौकोनाच्या कडेनं भोकाला भोक लावत जायचं, मग छिन्नीनं मधला तुकडा पाडायचा, मग कानस. पहिला तुकडा गोणपाटावर पडला तेव्हा मी त्याच्याकडं बघत राहिलो. आता परत फिरणं नव्हतं.

सकाळी टेंपो आला. शेठ उतरले, माझ्याशी न बोलता पेटी उघडली आणि पहिला मीटर माझ्या हातात दिला. मी तो पुढून सरकवला. काठापाशी अडला. मी कानशीचा एक हात मारला, पुन्हा सरकवला आणि तो घसरत आत जाऊन रंगाला चपखल टेकला. शेठनी स्वतः दुसरा बसवला. मग वाढीव. मग त्यांनी खुर्ची मागितली, डेस्कपुढं बसले, कारखान्यातल्या माणसासारखा हात पुढं करून एकेक बटण दाबून पाहिलं. उठताना त्यांनी पत्र्याखाली डोकं घातलं आणि खडूनं लिहिलेलं ‘कुलूप’ वाचलं. ‘हे काय?’ विचारलं. मी सांगितलं. सगळं. एक्स्चेंजच्या ताईंनी वेळ वाढवून दिला तेवढं वगळलं. शेठनी तो शब्द पुन्हा वाचला. मग म्हणाले, ‘पुसू नको,’ आणि टेंपोवाल्याला हाक मारली. जाताना टेंपोत बसल्यावर ते म्हणाले की नेरळला मी निरोप पाठवतो, तू तुझा बिस्तरा शेडमध्येच राहू दे.

मिस्त्री लावणी आटपून आले तेव्हा त्यांच्या पोटऱ्यांवरचा चिखल अजून सुटला नव्हता. मी त्यांना विचारलं, मिस्त्री, कागदाला तेल कशासाठी लावता?

‘उलटा वाचाया,’ म्हणाले. ‘तुला काय वाटलं?’

‘पावसासाठी.’

ते मोठ्यानं हसले. मग हसता हसता थांबले आणि तिथंच पत्र्यांच्या थप्पीवर बसले. ‘तुला सांगितलंच नाय रं मी,’ म्हणाले. त्या दिवशी त्यांनी अख्खी भाकरी माझ्याकडं सरकवली, आणि त्यानंतर त्या शेडमधून निघालेल्या प्रत्येक पत्र्याच्या मागं कुलपाच्या टोकाला ‘कुलूप’ लिहायची रीत पडली. मी आज माझ्या माणसांना तेच लिहायला लावतो.

मी एक्स्चेंजवर गेलो होतो. पुढच्याच आठवड्यात, धुतलेला शर्ट घालून. दारावर ‘आत येण्यास मनाई’. बाहेर बसलेल्या शिपायानं काम विचारलं. काय सांगणार? बाईंचे आभार मानायचेत म्हटलं असतं तर त्यानं कशाबद्दल विचारलं असतं, आणि ती गोष्ट त्यांच्या वरच्या माणसाच्या कानावर गेली असती. मी म्हणालो, काही नाही. खिडकी उघडी होती. आतून तोच आवाज येत होता, ‘नंबर प्लीज’, आणि मधूनमधून खुर्ची सरकल्याचा आवाज. त्या वरच्या रांगेसाठी उठत होत्या.

वखारीतून मी त्यानंतर पुष्कळदा फोन केले. नंबर सांगितला, त्यांनी लावून दिला. ‘काय दादा, पुढून का मागून?’ एवढं एकदा विचारलं. मी ‘पुढून’ म्हणालो. त्यापलीकडं आम्ही बोललो नाही, लाइनीवर लोक असायचे. मग एका वर्षी दुसराच आवाज येऊ लागला. बदली झाली एवढं कळलं, कुठं ते कुणी सांगेना.

खात्याचा बोर्ड मी हलवू शकत नव्हतो. पण माणूस उंच बसला तर वरची रांग खाली येते, हे मला त्या खिडकीखालीच सुचलं होतं. पाय टेकायला आडवी पट्टी असलेलं, पाठीला टेका असलेलं एक उंच लोखंडी स्टूल मनात तयार आहे. फक्त उंची राहिलीय, ती त्यांच्या खांद्यावरून घ्यावी लागेल. ताई, तुम्ही जिथं असाल तिथं, निवृत्त झाल्या असाल तरी, मी येणार आहे. आईला कर्जतला आणलं, ते वचन पाळलं. आता हे एक राहिलंय. टेप घेऊन येईन, समोर उभा राहून माप घेईन आणि स्टूल स्वतःच्या हातानं बनवून तुमच्या दारात आणून ठेवीन.